नागिणीवर व्हॅलासायक्लोव्हिर : वेळेत सुरू केली तरच पुरेपूर उपयोग

नागीण या विषाणूमुळे होणाऱ्या, अंगावर फोडांचा पट्टा उठवणाऱ्या आजारावर दिली जाणारी व्हॅलासायक्लोव्हिर ही गोळी उत्तम आहे, असे माझे मत आहे. मात्र तिचा उपयोग किती होणार हे ती कधी सुरू केली यावर फार अवलंबून असते. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झाले तर नवे फोड येणे लवकर थांबते, आलेले फोड लवकर सुकतात आणि तीव्र वेदनांचा काळ कमी होतो. माझ्या सासूबाईंच्या छातीच्या डाव्या बाजूला आग होऊ लागली तेव्हा आम्हाला आधी हृदयाची शंका आली होती, पण दुसऱ्या दिवशी फोडांचा पट्टा दिसताच डॉक्टरांनी हीच गोळी लिहून दिली आणि ती वेळेत मिळाल्याचा फरक आम्ही पाहिला. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत आधी गेरूचा लेप लावला जातो, मंत्र घातला जातो आणि नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो या भीतीत मोलाचे पहिले दिवस निघून जातात. वास्तविक हे पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यात येते आणि सहसा शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही.

या गोळीचे काम ज्या पद्धतीने चालते, ती मला औषधशास्त्रातील अत्यंत देखणी गोष्ट वाटते. पोटात गेल्यावर व्हॅलासायक्लोव्हिरचे रूपांतर असायक्लोव्हिरमध्ये होते, आणि हे असायक्लोव्हिर निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय राहते. विषाणूने ग्रासलेल्या पेशीत मात्र विषाणूचेच थायमिडीन कायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला फॉस्फेट जोडते, पुढचे दोन फॉस्फेट आपल्या पेशीची विकरे जोडतात, आणि तयार झालेला रेणू विषाणूच्या डीएनएच्या साखळीत शिरतो. साखळीची पुढची कडी जोडण्यासाठी लागणारा भागच या रेणूत नसल्याने नवा डीएनए तिथेच थांबतो. म्हणजे औषध जागे करण्याचे काम विषाणू स्वतः करतो, आणि म्हणूनच आपल्या पेशींना त्याची झळ इतकी कमी लागते. विषाणूला मारताना पेशीही मरणारच, अशी समजूत प्रबळ असण्याच्या काळात औषधशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असायक्लोव्हिरवर काम केले. एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मूळ असायक्लोव्हिरची गोळी आजही मिळते, पण तोंडाने घेतल्यावर तिचा साधारण १५ ते २० टक्केच भाग शरीराला मिळतो, त्यामुळे नागिणीसाठी ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते. व्हॅलासायक्लोव्हिरमध्ये त्याच रेणूला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडलेले असल्याने हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर जाते आणि १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, सात दिवस, एवढ्यावर काम भागते. वयस्कर माणसाला जेवणाच्या वेळांशी गोळ्या जुळवता येणे, ही मला या औषधाची सर्वांत मोठी व्यावहारिक जमेची बाजू वाटते.

उणिवाही आहेत. १ ग्रॅमची गोळी आकाराने मोठी असते आणि गिळताना वृद्धांना त्रास होतो. आम्हाला मिळालेल्या पाकिटातील माहितीपत्रक बारीक अक्षरांत आणि फक्त इंग्रजीत होते, हे मला खटकले, कारण त्यातलीच एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे: हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंद असेल तर मात्रा कमी करावी लागते, अन्यथा गोंधळलेपणा किंवा भास होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. क्रिॲटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा, जुना अहवाल असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून दाखवावा आणि औषध चालू असताना पाणी भरपूर प्यावे. मळमळ व डोकेदुखी काहींना होते.

या गोळीकडून काय अपेक्षा ठेवू नयेत, हेही सांगणे आवश्यक आहे. लहानपणीच्या कांजिण्यांनंतर मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून बसलेला विषाणू ती शरीरातून काढून टाकत नाही. विषाणू वाढत असतानाच ती त्याला रोखते. फोड गेल्यानंतर महिनोन्‌महिने टिकणारी मज्जातंतूची वेदना ती हमखास टाळते असेही म्हणता येत नाही, आणि त्या वेदनेवर वेगळे औषध घ्यावे लागते. फ्लू, डेंग्यू किंवा साध्या सर्दीवर तिचा काहीही उपयोग नाही. ओठांवरील व जननेंद्रियांवरील हर्पीसवर ती चालते, पण तिथे मात्रा आणि मुदत निराळी असते, म्हणून कपाटात उरलेल्या गोळ्या कोणालाही देऊ नयेत.

नागीण कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर उठली असेल, तर गोळी सुरू करून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण तिथल्या मज्जातंतूची एक शाखा डोळ्यात जाते आणि बुबुळाला इजा झाल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते.