सात बोर्डांवरचं मोठं नाव की हाताशी वेळ असलेला माणूस? इंडिपेंडंट डायरेक्टर घेताना

कंपनी शेअर बाजारात लिस्ट करायची ठरली की इंडिपेंडंट डायरेक्टर, म्हणजे कंपनीशी किंवा तिच्या प्रमोटरशी (मूळ मालकांशी) हितसंबंध नसलेले बोर्डावरचे बाहेरचे लोक, शोधायची धावपळ सुरू होते, आणि फिरून फिरून दोनच प्रकारची माणसं समोर उरतात. एक म्हणजे आधीच पाच-सहा लिस्टेड कंपन्यांवर असलेलं मोठं नाव. दुसरा रिटायर्ड बँकर नाहीतर सीए, एखाद्याच बोर्डावर, बाहेर फार कुणी ओळखत नाही पण हाताशी वेळ आहे.

कायद्याने दोघंही चालतात. २०१३ च्या कंपनी कायद्यात एकूण २० कंपन्यांची मुभा आहे, त्यात पब्लिक कंपन्या १० च, आणि शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने लिस्टेड कंपन्यांचा आकडा एप्रिल २०२० पासून ७ वर आणलाय. पण ७ चालतात म्हणजे ७ झेपतात असं नाही ना!

खरी अडचण कॅलेंडरची आहे. तिमाही निकाल ४५ दिवसांत द्यावे लागतात, म्हणजे १४ ऑगस्ट, १४ नोव्हेंबर, १४ फेब्रुवारी या तारखांच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत सगळ्याच कंपन्यांच्या मीटिंगा येतात, अजेंडा साधारण सात दिवस आधी हातात पडतो, आणि सात बोर्ड असतील तर सातही गठ्ठे एकाच वेळी, वर ऑडिट कमिटीचे (हिशेब आणि ऑडिट तपासणाऱ्या बोर्डाच्या समितीचे) वेगळे. कितीही हुशार माणूस असला तरी रिलेटेड पार्टी व्यवहारांची, म्हणजे प्रमोटर किंवा ग्रुपमधल्या कंपन्यांशी झालेल्या व्यवहारांची, नोट कधी वाचणार?

अभ्यास काय सांगतात तर दोन्हीकडचं सांगतात. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांवर फिच आणि शिवदासानी यांचा २००६ चा पेपर आहे, बाहेरच्या डायरेक्टरांपैकी बहुतेक जण तीन किंवा जास्त बोर्डांवर असतील तिथे नफा कमी दिसला आणि कामगिरी घसरली तरी सीईओला हटवायचं प्रमाणही कमी. उलट २०१३ मध्ये फील्ड, लॉवरी आणि मकर्त्च्यान यांना नव्याने लिस्ट झालेल्या कंपन्यांत बिझी डायरेक्टर फायद्याचे दिसले, कारण तिथे पहारेकऱ्यापेक्षा सल्लागाराची गरज जास्त असते. आपल्याकडचं बघायचं तर मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या जयती आणि सुब्रत सरकार यांनी २००९ मध्ये दाखवलं की इंडिपेंडंट डायरेक्टर अनेक बोर्डांवर असले तर कंपनीचं मूल्य जास्त दिसतं, पण कंपनीच्या आतलेच डायरेक्टर बाहेर पसरले की कमी. हे मला फार पटतं, प्रमोटरचं लक्ष दहा ठिकाणी गेलं की घर कोण बघणार.

पण मोठं नाव आहे म्हणून प्रश्न विचारले जातील या भरवशावर राहू नका. सत्यम या आयटी कंपनीच्या बोर्डावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या आयएसबी या बिझनेस स्कूलचे डीन होते, तरी १६ डिसेंबर २००८ ला सत्यमच्या प्रमोटर राजू कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या घ्यायचा ठराव पास झालाच, आणि जेमतेम तीन आठवड्यांनी घोटाळ्याची कबुली आली.

म्हणून मला विचाराल तर, नवीन लिस्ट होणार असाल तर एक मोठं नाव जरूर घ्या, बँका आणि गुंतवणूकदारांकडे दारं उघडतात, पण ऑडिट कमिटीचं चेअरमनपद त्याला देऊ नका, तिथे तो रिटायर्ड सीएच हवा. जुनी, स्थिर, ग्रुपमधल्या कंपन्यांशी भरपूर व्यवहार असलेली कंपनी असेल तर मी सरळ दुसऱ्यालाच घेईन. आणि जो दुसऱ्या लिस्टेड कंपनीत फुलटाइम एमडी आहे त्याला नकोच म्हणेन, सेबी अशा माणसाला इंडिपेंडंट म्हणून ३ च लिस्टेड कंपन्या देते ते उगाच नाही.

हजेरी तपासायची तर बाकीच्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल काढा, कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागात बोर्डाची आणि ऑडिट कमिटीची हजेरी वेगवेगळी दिलेली असते, दुसरी नीट बघा. बारा महिन्यांत एकाही बोर्ड मीटिंगला आला नाही तरच कायद्याने पद जातं, त्यामुळे पद टिकलंय याला काही अर्थ नाही. टर्म ५ वर्षांपर्यंत असते, आज तीन बोर्डांवर असलेला माणूस दोन वर्षांत सातवर जाऊ शकतो, तेव्हा नवीन बोर्ड घ्यायच्या आधी कळवायचं हे अपॉइंटमेंट लेटरमध्येच लिहून घ्या.