कहूट, पॅडलेट, एचफाइव्हपी: सुरगाण्याच्या रेंजवर काय टिकतं?

दूरशिक्षणाचा विद्यार्थी समोर बसलेला नसतो, पण बहुतेक वेब-साधनं तो समोर बसलाय असं धरूनच बनवलेली असतात. नाशिकमध्ये हे लवकर कळतं. १९८९ पासून मुक्त विद्यापीठ इथे असल्याने अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायमचा नोंदणी क्रमांक) हे शब्द इथल्या घरांना नवे नाहीत. विद्यार्थी कोण, तेही माहीत आहे: सातपूर-अंबडला शिफ्ट करणारा, ऑक्टोबरात निफाडच्या द्राक्षबागेत छाटणीला गेलेला, सुरगाण्यात रेंजसाठी ओट्यावर येऊन बसणारी. म्हणून इथे प्रत्येक साधनाला पहिला प्रश्न एकच: हे रात्री अकराला, एकट्याने, त्याच फोनवर उघडलं तर चालेल का?

कहूट या प्रश्नावर सर्वांत आधी गळतं. हा थेट प्रश्नमंजुषेचा खेळ: प्रश्न शिक्षकाच्या स्क्रीनवर, उत्तराची बटणं विद्यार्थ्याच्या फोनवर. त्यातले गुण वेगावर असतात. २० सेकंदांच्या प्रश्नाला बरोबर उत्तर २ सेकंदांत दिलं तर ९५०, ८ सेकंदांत दिलं तर ८००. म्हणजे गूगल मीटवरची शेअर केलेली स्क्रीन सहा सेकंद उशिरा पोचली की विषय पाठ असूनही दीडशे गुण गेले. त्यात एकाच फोनवर मीट आणि कहूट यांच्यात उड्या मारायच्या. ‘प्रश्न व पर्याय खेळाडूच्या स्क्रीनवर दाखवा’ ही सेटिंग चालू केली की निम्मी अडचण सुटते. त्याहून बरं म्हणजे थेट खेळ सोडून तेच कहूट ‘असाइन’ करावं आणि आठवड्याची मुदत द्यावी. रविवारच्या संपर्कसत्रात, सगळे एका खोलीत असताना मात्र कहूटला तोड नाही.

मेंटीमीटर या थेट मतं घेणाऱ्या साधनाचं वर्डक्लाउड, म्हणजे जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणारं चित्र, दिसायला छान, पण मराठीत त्याची गंमत होते. ‘कांदा’, ‘कांदे’, ‘कांद्याचा’ हे त्याला तीन वेगळे शब्द, त्यामुळे सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तरी पडद्यावर तीन बारके शब्द विखुरतात. सूचनेतच ‘एकच शब्द, एकवचनात, प्रत्यय न लावता’ असं लिहावं, किंवा सरळ बहुपर्यायी प्रश्न टाकावा.

रोजच्या कामाला गूगल फॉर्म्स. फुकट आहे, हलकं आहे आणि मुलांना ओळखीचं आहे. फक्त लोक ते परीक्षेच्या पेपरसारखं वापरतात, तिथे ते वाया जातं. क्विझमधला अभिप्राय फॉर्म पाठवल्यावरच दिसतो. चूक जागेवर दाखवायची तर ‘उत्तरानुसार विभागाकडे जा’ ही सोय वापरावी लागते, आणि ती बहुपर्यायी व ड्रॉपडाउन प्रश्नांनाच मिळते. उदाहरण घ्या: एका वेलीला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर आहेत, १६ लिटर पाणी द्यायचं, तर ठिबक किती वेळ चालवायचं? पर्याय: २ तास, ४ तास, ८ तास. ‘४ तास’ निवडणारा दुसरा ड्रिपर विसरलाय. त्याला तेवढंच सांगणाऱ्या छोट्या विभागात न्यावं आणि तिथेच तसाच दुसरा प्रश्न द्यावा. बहुतेकांची चूक यानंतर होते. त्या विभागाच्या तळाशी पुढे कुठे जायचं ते ठरवायचं राहतं, मग विद्यार्थी ‘८ तास’वाल्या विभागात जाऊन पडतो आणि न केलेल्या चुकीचं स्पष्टीकरण वाचत बसतो.

आणखी दोन खड्डे. लघुउत्तरात फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवतो. देवनागरी आकड्यांतला ‘५’ आणि इंग्रजी आकड्यांतला पाच त्याला वेगळे वाटतात. उत्तरसूचीत दोन्ही टाका. दुसरं म्हणजे ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा. ती गूगल खात्याला बांधलेली असते. घरात एक फोन आणि शिकणारी भावंडं दोन असली तर दुसऱ्याला फॉर्म उघडतच नाही. मर्यादा काढावी, पीआरएन अनिवार्य करावा.

या सगळ्यांत सर्वांत उजवं एचफाइव्हपी. प्रश्न पेरलेले धडे आणि व्हिडिओ बनवायचं हे साधन मोफत, मुक्तस्रोत, आणि मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायची प्रणाली) व वर्डप्रेस (संकेतस्थळ बनवायची प्रणाली) दोन्हींत बसतं. ‘इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ’मध्ये ३:४० ला प्रश्न ठेवायचा आणि उत्तर चुकलं तर व्हिडिओ आपोआप २:१० ला, जिथे तो मुद्दा समजावलाय तिथे, न्यायचा. ही सोय ‘अडॅप्टिव्हिटी’ या नावाखाली दडलेली आहे. व्हिडिओ यूट्यूबवरून जोडला तर सर्व्हरवर भार नाही, पण नेट लागतंच. फाइल ३६०पी, म्हणजे कमी स्पष्टतेची पण हलकी, करून मूडलमध्ये चढवली तर विद्यार्थी मूडल अ‍ॅपमध्ये ती शहरातल्या वायफायवर उतरवून घेतो, गावी जाऊन सोडवतो, आणि रेंज आली की गुण जमा होतात. पेठ-सुरगाण्यासाठी हीच वाट धरावी.

‘रिकाम्या जागा भरा’ची मांडणी अशी: *मृदा/माती:पिकाचा आधार*. ताऱ्यांच्या आत उत्तर, तिरक्या रेघेनंतर दुसरं चालणारं उत्तर, विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर इशारा. ‘किरकोळ शुद्धलेखनचुका स्वीकारा’ चालू केलं की तीन ते नऊ अक्षरांच्या उत्तरात एक चूक माफ होते. मात्रा वेगळं अक्षर धरली जाते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणातून सुटका. पण त्याच नियमाने ‘पाणी’ऐवजी ‘वाणी’ही पास होतं. व्याकरणाच्या पेपरला ही सोय बंदच ठेवा. मूडल हाताशी नसेल तर लुमी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाकून तोच खेळ एका एचटीएमएल फाइलमध्ये काढता येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर धाडता येतो. गुण मात्र शिक्षकाकडे येत नाहीत.

पॅडलेट हा सगळ्यांनी मिळून पोस्ट चिकटवायचा ऑनलाइन फलक. चर्चेसाठी चांगला, विशेषतः फोटो मागवायला: पानावरची भुरी, दुकानाची खतावणी, काहीही. खातं न उघडता टाकलेली पोस्ट निनावी येते, म्हणून शीर्षकात नाव लिहायला सांगा आणि ‘मंजुरीनंतरच दाखवा’ चालू ठेवा. फुकटच्या खात्यात फलक मोजकेच. विषय संपला की पीडीएफ काढून पोस्ट पुसाव्या, फलक तोच ठेवावा.

कुठल्याच साधनावर फार जीव लावू नये. गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीस बंद झाला, क्विझिझ या प्रश्नमंजुषेच्या साधनाचं नावच २०२५ मध्ये बदलून वेग्राउंड झालं. प्रश्न स्वतःच्या स्प्रेडशीटमध्ये ठेवा. कहूटच्या साच्यात मांडली तर ती तिथे चालते.

आणि लिंक ग्रुपवर नुसती टाकू नका. वर तीन गोष्टी लिहा: किती मिनिटं लागतील, किती एमबी जाईल, शेवटची तारीख कोणती. रात्रीच्या शिफ्टला निघालेला माणूस एवढं वाचूनच ठरवतो की आत्ता उघडायचं की रविवारी.