खोका कंपनीचा, हेल्मेट भलत्याचंच

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मांडलेलं अडीचशे-तीनशे रुपयांचं हेल्मेट घेऊ नये, हे आता बहुतेकांना माहीत झालंय. माझी फसवणूक तिथे झाली नाही. ती झाली नाशिकच्या भर बाजारपेठेतल्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या, काचेचं शोकेस असलेल्या दुकानात. दोन हजार दोनशे रुपये मोजून, बिल मागून घेऊन आणि आयएसआयचं चिन्ह डोळ्यांनी पाहून. एवढी काळजी घेणाऱ्या माणसालाही कसं गंडवतात, ते कळावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा पेठ रस्त्याला, सावळ घाटाच्या अलीकडे. जाणं-येणं रोज स्कूटरवर. पावसाळ्यात हा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको: खड्डा पाण्याखाली दिसत नाही, आणि गुजरातकडून येणारे ट्रक थांबत नाहीत. त्यामुळे दंड होवो न होवो, हेल्मेटशिवाय मी किल्ली फिरवत नाही. २०२१ साली १५ ऑगस्टपासून नाशकात ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ मोहीम सुरू झाली, तेव्हा पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून, डोक्यावर टेकवून पेट्रोल भरणारी माणसं मी पाहिली आहेत. ज्याला पोलीस चुकवायचा आहे त्याला डोक्यावर काहीही चालतं. बनावट हेल्मेटचा धंदा त्या गिऱ्हाइकावर उभा राहिला आणि आता तो आपल्यासारख्यांच्या गळ्यात येऊन पडतोय.

जुन्या हेल्मेटचं अस्तर सैल झालं होतं, म्हणून जूनच्या सुरुवातीला नवं घ्यायला गेले. घरून टेपने डोकं मोजून गेले होते: भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून, मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग धरून, छप्पन्न सेंटीमीटर. दुकानात एका नामांकित कंपनीचं फुल फेस हेल्मेट शोकेसमध्ये होतं. ते घालून पाहिलं. वजन हाताला चांगलं, काच खटकन बसणारी, बक्कल मजबूत. पण माप मोठं. मान हलवली की हेल्मेट मागे राहायचं.

“ताई, लेडीज साईज वर पोटमाळ्यावर आहे. हाच पीस, हाच कलर. काढून देतो,” दुकानदार म्हणाला. पोऱ्या वर गेला आणि खोका घेऊन आला. खोका अगदी शोकेसवाल्या कंपनीचा, चकचकीत, कोऱ्या टेपने बंद केलेला. आतलं हेल्मेट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मागे आयएसआयचं स्टिकर, बाजूला ‘डॉट’चं आणखी एक. घालून पाहिलं तर गालांना घट्ट बसलं. बिल मागितलं, ते मिळालं. पैसे फोनवरून भरले.

सगळी लबाडी त्या पोटमाळ्याच्या शिडीवर झाली. शोकेसमधला नमुना खरा होता, वरून आलेला माल खोटा. आणि हे मापाच्या निमित्ताने होतं, हे नीट लक्षात घ्या. दर्शनी ठेवलेलं हेल्मेट बहुतेक मोठ्या मापाचं असतं. बायका, कॉलेजची मुलं, लहान डोक्याचे पुरुष अशा सगळ्यांसाठी माल आतून येतो. आपण पारखतो एक आणि घरी नेतो दुसरं.

पहिल्याच मोठ्या पावसात अस्तर पार भिजलं आणि वाळेना. आतून कुबट वास यायला लागला. धुवायला म्हणून कापड काढलं, तर कपाळाशी आणि कानांवर कापडाखाली फक्त करडा स्पंज निघाला, गादीत असतो तसा. टाळूवर थर्माकोलची एक चकती होती. नखाने दाबली तर तिचे मणी सुटून हातात आले. टीव्हीच्या खोक्यात येतो तो हा थर्माकोल.

माझा भाचा नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात प्लॅस्टिक मोल्डिंगवर आहे. त्याला दाखवलं. त्याने हेल्मेट दोन तळहातांमध्ये धरून बाजूंनी दाबलं. कवच चक्क आत गेलं आणि करकरलं. “मावशी, हा रिग्राइंडचा माल आहे. भंगार दळून परत ओतलाय,” तो म्हणाला. मग त्याने पट्टा हाताला गुंडाळून एक हिसका दिला. डाव्या बाजूचं रिबीट, म्हणजे पट्टा कवचाला जोडणारी खिळी, कवचातून उपसून बाहेर आलं, भोकाभोवती तडा गेला आणि पट्टा त्याच्या हातात राहिला. अंगठ्याच्या नखाएवढं ते रिबीट, अॅल्युमिनियमचं, आत वायसरसुद्धा नाही. हेच हेल्मेट घालून मी घाट रस्त्याला ये-जा करत होते. त्या क्षणी मला राग आला नाही, पोटात गोळा आला. राग नंतर आला, आणि तो अजून आहे.

हेल्मेट नेमकं काय करतं, हे ठाऊक असेल तर यातला गुन्हा कळतो. बाहेरचं कठीण कवच, मग ते एबीएस प्लॅस्टिकचं असो, पॉलिकार्बोनेटचं असो किंवा फायबरचं, आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. पण डोकं वाचवतो तो आतला ईपीएसचा थर, म्हणजे घट्ट दाबून बनवलेला थर्माकोल. डोकं आपटतं तेव्हा तो चेपला जातो, आणि चेपला जाताना धक्का गिळतो. डोकं एकदम थांबण्याऐवजी किंचित वेळ घेत थांबतं. हा किंचित वेळच मेंदूला कवटीवर आदळण्यापासून जपतो. एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट बाहेरून कोरं दिसलं तरी बदलायचं असतं. स्पंज मात्र बोटाने दाबला तरी तळाला टेकतो, आपटल्यावर तो काहीच गिळत नाही. शिवाय पट्टा तुटला की पहिल्या धडकेतच हेल्मेट उडून जातं, आणि रस्त्यावर दुसरा मार उघड्या डोक्याला बसतो.

त्या रात्री भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं, ‘बीआयएस केअर’ हे सरकारी अॅप उघडलं. भारतात दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आहे आयएस ४१५१. आयएसआयच्या चिन्हावर मानकाचा हा क्रमांक असतो आणि चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे उत्पादकाचा परवाना क्रमांक. माझ्या स्टिकरवर दोन्ही होते. परवान्याचा क्रमांक अॅपमध्ये टाकला तर भलताच उत्पादक निघाला. परराज्यातला, खोक्यावरच्या कंपनीशी काडीचाही संबंध नसलेला, आणि परवान्याची मुदत कधीच संपलेला. खोका एकाचा, नंबर दुसऱ्याचा आणि माल तिसऱ्याचा!

हे असं सुटं प्रकरण नाही. २०२५ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने प्रमाणित हेल्मेटच वापरा असं आवाहन केलं, तेव्हा दिल्लीतल्या कारवाईचीही माहिती दिली होती. परवान्याची मुदत संपलेल्या किंवा परवाना रद्द झालेल्या नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेट जप्त झाली होती. १ जून २०२१ पासून तर आयएसआय प्रमाणपत्राशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं, साठवणं हाच गुन्हा आहे. चिन्हाच्या गैरवापराला बीआयएस कायदा २०१६ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड सांगितलाय. कायदा कडक आहे, पण त्याची झळ त्या पोटमाळ्यापर्यंत पोचलेली मला दिसली नाही.

‘डॉट’च्या स्टिकरबद्दलही सांगते, कारण त्याला भुलणारे खूप आहेत. ते अमेरिकेचं मानक आहे. तिथेही उत्पादक स्वतःच आपलं हेल्मेट मानकात बसतं असं जाहीर करून चिन्ह लावतो, आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागत नाही. आपल्याकडे तर ही स्टिकरं सुटी विकत मिळतात. आयएसआय नसलेल्या हेल्मेटवर नुसतं ‘डॉट’ असेल तर ते इथे कायद्यालाही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन दुकानात गेले. तुटलेला पट्टा काउंटरवर ठेवला. दुकानदाराने त्याला हातही लावला नाही.

“ताई, हा माल आमचा नाहीच.”

बिल पुढे केलं. त्याने ते माझ्याकडे फिरवून बोट ठेवलं. “काय लिहिलंय? हेल्मेट, एक नग. कुठलं हेल्मेट? तुम्ही दुसरीकडून आणलं असेल.”

ही मेख तेव्हा समजली. बिल दिलं होतं, पण त्यावर कंपनी नाही, मॉडेल नाही, माप नाही. असल्या बिलाने पैसे दिल्याचं सिद्ध होतं, काय घेतलं ते होत नाही. फोनवरचा व्यवहारही तेवढाच सांगतो. माझं नशीब एवढंच की खोका सांभाळून ठेवला होता, आणि त्यावर त्याच्याच हस्ताक्षरात किंमत व दुकानाचं छोटं लेबल होतं. ते दाखवल्यावर सूर बदलला. आधी “बदलून देतो” झालं, म्हणजे त्याच ढिगातला दुसरा. मी नाही म्हटलं. भाच्याने तिथेच उभं राहून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला आणि तक्रारीचा क्रमांक मिळाला, तेव्हा गल्ला उघडला. “पैसे घ्या, हेल्मेट इथे ठेवा, विषय मिटवा.”

मी पैसे घेतले नाहीत. बावीसशे रुपये मला जड नाहीत असं मुळीच नाही. पण ते हेल्मेट त्याच्या ताब्यात गेलं असतं तर पुरावाही गेला असता. शिवाय ते भंगारात गेलं नसतं. नवं रिबीट मारून, तड्यावर स्टिकर चिकटवून ते पुन्हा पोटमाळ्यावर चढलं असतं आणि कुणाच्या तरी लेकराच्या डोक्यावर उतरलं असतं. माझ्या शाळेत मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांतले कितीतरी जण त्याच बाजारात खरेदी करतात.

बीआयएस केअर अॅपवरच चिन्हाच्या गैरवापराची तक्रार केली. स्टिकरचा, खोक्याच्या सहाही बाजूंचा, उचकटलेल्या अस्तराचा आणि बिलाचा फोटो जोडला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. तो अर्जही तयार आहे.

त्यानंतर नवं हेल्मेट घेतलं, दुसऱ्या दुकानात, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे. किंमत त्या खोट्यापेक्षा कमीच पडली. सध्या हजार-दीड हजारात खरं, प्रमाणित फुल फेस मिळतं. त्यापुढचे पैसे बरेचदा रंगाचे, हवेच्या झडपांचे, काचेच्या दर्जाचे असतात. तेव्हा महाग म्हणजे खरं, या समजुतीवर विसंबू नका. तिथेही माझं माप आतूनच आणावं लागलं. पण या वेळी पैसे काढण्याआधी त्याच नगावरचा परवाना क्रमांक अॅपमध्ये टाकला आणि उत्पादकाचं नाव, ब्रँड, परवान्याची मुदत हे खोक्याशी आणि आतल्या लेबलशी ताडून पाहिलं. नुसता क्रमांक सापडला म्हणून थांबू नका, खरा क्रमांक चोरून छापणारेही आहेत. नाव जुळलंच पाहिजे. अस्तर थोडं उचलून ईपीएसचा थर कपाळापासून मागेपर्यंत आणि कानांच्या वरपर्यंत सलग आहे का ते पाहिलं. पट्टा बांधून मागून कडा धरून पुढे ढकललं, निघालं नाही. अंबाडा सोडून, रोज शाळेत जाते तशी वेणी घालून आणि चष्मा लावून दहा मिनिटं दुकानातच घालून बसले. कपाळावर एका जागी दुखलं असतं तर माप किंवा आकार चुकीचा. गाल दबले पाहिजेत, कपाळ ठणकता कामा नये. विक्रेता कंटाळला, पण काही बोलला नाही. बिलावर कंपनी, मॉडेल, माप आणि परवाना क्रमांक लिहून घेतला. जो दुकानदार एवढं लिहून द्यायला कां-कू करतो, त्याच्याकडून घेऊच नका.

घरात आत्ता जी हेल्मेट आहेत, विशेषतः मागे बसणाऱ्यासाठी घेतलेलं ते ‘दुसरं’ हेल्मेट, त्यांचे क्रमांक आजच टाकून पाहा. बहुतेक घरांत स्वस्तातलं बायकोच्या किंवा मुलाच्या वाट्याला येतं. बनावट निघालं तर रागाने फेकून देऊ नका आणि कामवाल्या मावशींच्या मुलालाही देऊन टाकू नका. खोका, बिल, स्टिकर जसंच्या तसं ठेवा, फोटो काढा आणि बीआयएस केअरवर तक्रार टाका. पट्टा कापून, कवच फोडून ते निकालात काढायचं ते तक्रार निकाली निघाल्यावर, आधी नाही. माझं अजून कपाटावर आहे, रिबिटासकट.