थाई व्हिला: खांबांवर की जमिनीवर?
बँकॉकमधलं अमेरिकी रेशीम व्यापारी जिम थॉम्पसन यांचं घर १९५९ मध्ये जुनी सागवानी घरं जोडून उभं राहिलं. खांबांवर उचललेलं थाई घर पुराचं पाणी खालून जाऊ देतं, वाराही. खोल्यांमधला उघडा लाकडी चौथरा, 'चान', हेच त्याचं काळीज. उतरतं छप्पर पाऊस झटकतं, रुंद वळचण भिंतींवर सावली धरते.

जमिनीलगतचा काँक्रीटचा व्हिला वृद्धांना सोयीचा. खोलीतून थेट पोहण्याच्या तलावात उतरता येतं. पण काचेच्या भिंती आल्या की एसी अटळ.

१९८९ च्या जंगलतोडबंदीनंतर थायलंडमध्ये साग दुर्मिळ झाला. म्हणून खांब खुशाल काँक्रीटचे असावेत. चान आणि वळचण मात्र मी कधीच सोडणार नाही. नुसतं टोकदार छप्पर बसवून घर थाई होत नाही.