छोट्या ट्रॅक्टरचा डॅशबोर्ड: ताडपत्री की कापडी कव्हर?

शेड नाही, ट्रॅक्टर थंडीभर उघड्यावरच. मग स्विच, मीटर आणि लिव्हर झाकायला प्लॅस्टिकची ताडपत्री बरी की हवा खेळती ठेवणारं कापडी कव्हर, असं एकाने विचारलं.

पैशांचं बघितलं तर ताडपत्री स्वस्त, यात वाद नाही. वरून पडणारं पाणीही ती पक्कं अडवते. खरी गोम आतल्या ओलाव्यात आहे. जमिनीतून येणारी वाफ ताडपत्रीखाली कोंडते आणि रात्री गार लोखंडावर तिचं पाणी होतं. सकाळी ताडपत्री उचलून बघा: मीटरच्या काचेवर धुकं, चावीच्या भोकाशी थेंब. हेच पाणी वायरच्या तांब्यावर हिरवट थर चढवतं आणि मग ऐन कामाच्या वेळी स्टार्टर गप्प! कापडातून वाफ निघून जाते. मुसळधार पावसात मात्र ते पाझरतं.

उन्हाने दोन्ही विरतात. मेहनतही सारखीच, इंजिन गार झाल्याशिवाय काहीच झाकू नका.

ट्रॅक्टर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल तर कापडीच घ्या. पावसाचे दोन-चार दिवस निभवायचे असतील तर ताडपत्री चालेल, पण खालून मोकळी सोडा. वायरच्या जोडांना डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओलावा अडवणारं, वीज न वाहणारं ग्रीस) मात्र कव्हर कोणतंही असो, लावाच.