एचडीएमआय गेम स्टिक : दहा हजार गेम, पण मारिओची उडी उशिरा

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मोबाईलची कव्हरे आणि चार्जर विकणाऱ्या दुकानांतून अलीकडे एक काळा खोका हमखास मांडलेला दिसतो. त्यावर मारिओसारखा दिसणारा, पण मारिओ नसलेला मिशीवाला गडी छापलेला असतो आणि शेजारी ‘१०,००० गेम्स’ अशी ठसठशीत अक्षरे असतात. निर्मात्या कंपनीचे नाव खोक्याच्या सहाही बाजूंवर शोधून सापडत नाही. दुकानदाराने चोवीसशे सांगितले आणि घासाघीस करून तो एकोणीसशे रुपयांवर आला. आत टीव्हीच्या खाचेत लावायची, पेन ड्राईव्हपेक्षा थोडी जाड अशी एचडीएमआय स्टिक, तिच्यात बसवलेले मेमरी कार्ड, विजेसाठी यूएसबी वायर, एक छोटा रिसीव्हर आणि पेन्सिल सेलवर चालणारे दोन वायरलेस रिमोट एवढा ऐवज मिळतो. सेल मात्र आपले आपण आणायचे.

हा खोका कोणासाठी बनवला आहे हे उघड आहे. नव्वदच्या दशकात सिडकोतल्या एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत चालणाऱ्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तासाच्या हिशेबाने पैसे मोजून ज्यांनी दोन सैनिकांचा गोळीबाराचा गेम कॉन्ट्रा खेळला, मे महिन्याच्या सुट्टीत एकमेकांच्या कॅसेट अदलाबदल करून आणल्या आणि पुढे संगणक, प्लेस्टेशन, मोबाईल अशी सगळी स्थित्यंतरे पार करूनही ज्यांची गेमची आवड सुटली नाही, अशा चाळिशीच्या आसपासच्या माणसांसाठी तो आहे. मी त्यातलाच एक. त्यामुळे या वस्तूकडून माझी अपेक्षा एकच होती : त्या वेळी हाताला जे जमत होते, ते आजही तसेच जमावे.

आधी दहा हजारांचा हिशेब. यादी उघडल्यावर पहिल्या काही पानांतच एकच गेम तीन-चार नावांनी पुन्हा पुन्हा भेटतो. टँकचा गेम, म्हणजे नामकोचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’, मला पाच ठिकाणी सापडला. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या जुन्या पिवळ्या कॅसेटमध्येही हेच होते. तिथेही मोजून थोडेच गेम असत आणि बाकीची यादी म्हणजे त्याच गेमच्या वेगवेगळ्या पातळ्या. ही परंपरा कोणीतरी इतक्या निष्ठेने पुढे चालवली याचे मला कौतुकच वाटले. एरवी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावतो. जागा वाचवण्यासाठी त्यातले ढग आणि झुडपे यांचा आकारही एकच ठेवून फक्त रंग बदललेला आहे. तेव्हा एका मेमरी कार्डावर हजारो गेम बसवणे यात कर्तबगारी फारशी नाही.

खरी अडचण पहिल्याच उडीला कळते. मारिओ पळत खड्ड्याच्या काठाशी येतो, बटण दाबले जाते आणि तो सरळ खड्ड्यात जातो. माझा दहा वर्षांचा पुतण्या म्हणाला, “काका, मी दाबलं होतं, त्यानेच उशिरा ऐकलं.” त्याचे म्हणणे तंतोतंत खरे होते. मोबाईलच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन पाहिले, तेव्हा बटण खाली गेल्यापासून मारिओ जमिनीवरून उचलला जाईपर्यंत साधारण सेकंदाचा सातवा भाग जात होता. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर हेच काम एक-दोन फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास उरकत असे, कारण रिमोटची वायर थेट यंत्रात आणि यंत्राचे चित्र थेट टीव्हीत जात होते. आता रिमोटचा संदेश हवेतून रिसीव्हरकडे, तिथून जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमकडे आणि मग चित्र सुधारण्याची हौस असलेल्या एलईडी टीव्हीकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ खर्च होतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केल्यावर उशीर निम्म्याने कमी झाला आणि खेळण्यात जीव आला. ज्यांच्या टीव्हीत ही सोय नाही, त्यांनी हा खोका घेऊच नये.

याच कारणाने खेळण्यातल्या बंदुकीने पडद्यावरची बदके टिपायचा ‘डक हंट’ यादीत असूनही निरुपयोगी आहे. बंदूक खोक्यात नाहीच, पण जुनी बंदूक कोणी जपून ठेवली असेल तरी ती एलईडी टीव्हीवर चालणार नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशसंवेदक तो चौकोन टिपतो. हे सगळे पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेले होते. सपाट पडद्यावर तो चौकोन उशिरा उमटतो आणि बदक हसत निघून जाते. बदकाबरोबर गेममधला तो शिकारी कुत्राही हसतो, हे सांगायला नकोच.

रिमोटबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. अधिक चिन्हाच्या आकाराची दिशेची कळ निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली ‘डाँकी काँग’ गेमच्या हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रासाठी तयार केली आणि १९८३ च्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्राने ती जगभर नेली. तिच्यात एक साधी खुबी आहे : खालचा मधला उंचवटा तिला झुलता ठेवतो, त्यामुळे उजवीकडे दाबले तर उजवीकडेच जाते. या रिमोटमध्ये ती खुबी उतरलेली नाही. उजवीकडे पळताना अंगठा किंचित वर सरकला तरी कॉन्ट्रामधला गडी बंदूक तिरकी वर धरतो आणि समोरून येणारा सैनिक अंगावर येऊन आदळतो. तिसऱ्या पातळीवरच्या धबधब्यात तर ही कळ घात करते. तिथे वर चढणाऱ्या जोडीदाराबरोबर जो राहत नाही तो पडद्याच्या खालच्या कडेला मरतो, आणि यावरून आमच्या पार्लरमध्ये झालेली भांडणे रिमोटमुळे नव्हे, स्वभावामुळे होत. उडी आणि गोळीची बटणेही उलटी बसवलेली आहेत व ती बदलण्याची सोय मला कुठे दिसली नाही. कॉन्ट्रात तीस जीव मिळवून देणारा, ‘वर वर खाली खाली’ने सुरू होणारा बटणांचा गुप्त क्रम मात्र चालतो. कोनामीचे प्रोग्रॅमर काझुहिसा हाशिमोतो यांनी तो १९८६ च्या ‘ग्रेडियस’साठी स्वतःच्या सोयीने घातला होता. इथे तो टाकताना ए आणि बी या बटणांची अदलाबदल लक्षात ठेवावी लागते. वायरचा एखादा बरा यूएसबी रिमोट स्टिकच्या खाचेत लावला तर दिशेचा आणि उशिराचा असे दोन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

एक गोष्ट मात्र दोष म्हणून मांडता येणार नाही, तरी ती खटकली. मारिओचे संगीत मला घाईत वाजल्यासारखे वाटले. त्याचे कारण आपल्या लहानपणात आहे. मूळ यंत्र सेकंदाला ६० चित्रांच्या टीव्हीसाठी बनले होते. आपल्याकडे पाल पद्धत, म्हणजे ५० चित्रे, आणि त्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर गेमचा वेग जवळपास सहाव्या हिश्श्याने कमी होत असे. ही स्टिक ६० ने चालते. म्हणजे सिडकोत आम्ही ज्या मारिओत तरबेज झालो होतो तो मुळातच जरा सुस्त होता, आणि खरा मारिओ आता पहिल्यांदा भेटतो आहे. सवय व्हायला वेळ लागला.

चित्र पडद्याच्या पूर्ण रुंदीला ताणलेले येते आणि मारिओ बुटका दिसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडले की तो पूर्ववत होतो. आवाज अधूनमधून फुटतो.

स्टिकची सर्वात चांगली बाजू म्हणजे मध्येच खेळ जतन करता येतो. लोडशेडिंगच्या काळात आठव्या जगापर्यंत पोहोचलेला मारिओ वीज गेली की पुन्हा पहिल्या जगात उभा राहत असे, आणि त्या वेळी घरातून वीज मंडळाला जे शब्द ऐकू येत ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. आता जेवायला उठा, पुन्हा बसा, खेळ तिथेच सापडतो.

हे गेम मूळ कंपन्यांच्या परवानगीने भरलेले नाहीत, हे घेणाऱ्याला ठाऊक असावे. ज्यांना फक्त कॉन्ट्रा हवा आहे त्यांच्यासाठी कोनामीने २०१९ साली काढलेला ‘कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ संगणकावर किंवा प्लेस्टेशनवर रीतसर मिळतो, आणि त्यात दिशेची कळही आपल्या पसंतीची वापरता येते. माझ्या मते एकट्याने खेळणाऱ्याने तोच घ्यावा. दोघांनी सतरंजीवर बसून टँक खेळायचा असेल, तर एकोणीसशे रुपये फार नाहीत. मात्र दुकानातच स्टिक टीव्हीला लावून दोन्ही रिमोटची चारही दिशांची बटणे तपासून घ्यावीत, कारण पक्के बिल मिळत नाही आणि घरी आल्यावर माझा दुसरा रिमोट डावीकडे जायला तयार नव्हता. दुकानदाराने तो कुरकुरत का होईना बदलून दिला.