युसेबियसचा 'चर्चचा इतिहास': सात महिन्यांनंतर

युसेबियस हा चौथ्या शतकातला बिशप; त्याने लिहिलेल्या या इतिहासाच्या इंग्रजी भाषांतराची प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली आणि पुणे-दौंड गाडीत जाता-येता सात महिने वाचली. आधी तक्रार उरकतो. बांधणी अगदीच तकलादू, दुसऱ्याच महिन्यात पाचवा भाग सुटून हातात आला. अर्थात सगळ्यात जास्त मी तोच उघडत होतो, त्यामुळे थोडा दोष माझाही.

एकूण भाग १०. त्यांत बिशपांच्या याद्याच याद्या; त्या मी खुशाल उलटल्या. पुस्तक घेतलं ते पाचव्या भागातल्या १६ ते १९ या प्रकरणांसाठी. दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजियाकडे मोंटानस नावाच्या माणसात पवित्र आत्मा संचारू लागला. भाषांतरकाराने त्यासाठी तीन-तीन शब्द खर्ची घातलेत, आपण 'अंगात आलं' म्हणून मोकळे होतो. प्रिस्किला आणि मॅक्सिमिला या दोघी बायकाही तशाच बोलू लागल्या. पेपुझा नावाच्या आडगावाला ही मंडळी यरुशलेम म्हणायची.

युसेबियस त्यांचा पक्का विरोधक, आणि उताऱ्यांसाठी साक्षीदारही विरोधकच निवडतो. त्यांतला एक ख्रिस्ती लेखक अपोलोनियस विचारतो: संदेष्टा केस रंगवतो का? डोळ्यांत सुरमा घालतो का? फासे खेळतो का? व्याजाने पैसे देतो का? गावच्या पारावरची उलटतपासणीच! दुसरा एक निनावी लेखक आणखी खवचट. मॅक्सिमिलाने लढाया होतील म्हणून सांगितलं होतं. ती जाऊन १३ वर्षं उलटली, कुठे आहेत लढाया?

पण तिला खोडून काढायच्या नादात तिचंच एक वाक्य तो जपून ठेवतो. मला लांडग्यासारखं मेंढरांतून हाकलतात, मी लांडगा नाही; मी शब्द आहे, आत्मा आहे, सामर्थ्य आहे. पहिल्या वाचनात मी यावरून सरळ पुढे गेलो होतो. चौथ्या महिन्यात खुटबाव मागे पडताना पुन्हा तिथे आलो आणि पुस्तक मिटलं.

पुढचं स्टेशन केडगाव. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ला मुलींच्या बाबतीत असंच काही घडलं. आत्म्याच्या संचारावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल चळवळीच्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या गाजलेल्या सभा त्यानंतरच्या, १९०६च्या. एका मुलीभोवती आग दिसली म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, ही हकीकत तिथल्याच मिशनरी मिनी अब्राम्स यांनी सांगितली. रमाबाईंनीही मिशनच्या पत्रकात या जागृतीची बाजू घेतली. केडगावच्या मुलींना बाजू मांडायला घरचंच माणूस मिळालं. मॅक्सिमिलाच्या वाट्याला अपोलोनियस आला.

एक मोठी उणीव. मोंटानसच्या पंथाचं सगळ्यात सुंदर वचन या पुस्तकात नाहीच. त्यात आत्मा म्हणतो: माणूस म्हणजे वीणा, मी तिच्यावर नखीसारखा उडतो. माणूस झोपतो, मी जागा असतो. ते हवं असेल तर चौथ्या शतकातल्या एपिफानियसकडे जावं लागतं, आणि तोही विरोधकच. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन पुढे या पंथाकडे वळला, त्याची साक्ष युसेबियस या वादात काढतच नाही.

साडेतीन तारे. घ्यायचंच तर शिवलेली बांधणी बघून घ्या. माझा पाचवा भाग आता रबरबँड लावून एकटाच डब्याच्या पिशवीत असतो, बाकीचं पुस्तक घरी.